सेंट ट्रिनियन्स : पोरींचा दंगा बघायला बसलो आणि आई मोठ्या बाईंच्या प्रेमात पडली

नणंद यूकेहून आली की बॅगेत चॉकलेटं ठरलेली, या वेळी चॉकलेटांच्या खाली डीव्हीडींचा एक बॉक्स निघाला. तिकडच्या कुठल्यातरी चॅरिटी शॉपमध्ये दिसला म्हणे, 'वहिनी, तुला जुनं आवडतं ना' म्हणून उचलला. सेंट ट्रिनियन्स या ब्रिटिश विनोदी मालिकेचे जुने चार सिनेमे, १९५४, १९५७, १९६० आणि १९६६ चे. आता डीव्हीडी बघायची कशावर. माळ्यावरून बाबांचा प्लेअर काढला, पुसला, तर तो डिस्क आत घ्यायचा, जरा घुरघुरायचा आणि परत बाहेर ढकलायचा. दोन दिवस मी डिस्कलाच शिव्या घातल्या, मग लक्षात आलं की तिकडच्या डिस्क रीजन २ च्या आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यांचं जमत नाही. शेवटी लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला, व्हीएलसीवर लावला, तिथून टीव्हीला वायर. तुम्हालाही कोणी परदेशातून डीव्हीडी आणून देणार असेल तर हे आधी बघा, नाहीतर माझ्यासारखे दोन दिवस जातील.

तर पहिला सिनेमा, द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स, १९५४ चा, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाचा. प्रेक्षक तीन. मी, सातवीतली लेक आणि आई. आई रिटायर्ड शिक्षिका, हे सांगून ठेवते कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मला हे नाव आधीच माहीत होतं ते २००७ च्या नव्या सिनेमामुळे. आमच्या हॉस्टेलवर एक हार्डडिस्क फिरायची, ती ज्या रूममध्ये जाईल तिथे रात्री गर्दी, त्यात तो होता. तेव्हा वेड्यासारख्या हसलो होतो. त्यामुळे माझी अपेक्षा अशी की जुन्यातही पोरी राडा करतील, आपण हसू, संपलं. राडा आहेच. पण सिनेमा बघून उठल्यावर डोक्यात राहिल्या त्या पोरी नाहीत, मोठ्या बाई. आणि मोठ्या बाई म्हणजे बाप्या आहे.

थांबा, गोष्ट सांगते. सेंट ट्रिनियन्स ही मुलींची बोर्डिंग शाळा. सुट्टी संपून पोरी परत येतायत म्हटल्यावर गावातली माणसं दुकानांना फळ्या ठोकतात आणि पोलीस स्वतःलाच कोठडीत बंद करून घेतो, सिनेमाची सुरुवातच ही. शाळा कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली. तेवढ्यात मकयाद नावाच्या कुठल्याशा काल्पनिक देशाचा सुलतान आपली मुलगी फातिमा हिला इथे घालतो, आणि त्याचा रेसचा घोडा, अरब बॉय, तोही जवळच ट्रेनिंगला असतो. हा घोडा चेल्टनहॅम गोल्ड कपला धावणार. झालं, मोठ्या बाईंचा भाऊ क्लॅरेन्स हा बुकी, त्याला घोडा हरायला हवाय, म्हणून तो आपली मुलगी अराबेला हिला शाळेत परत घुसवतो (हिला आधी क्रीडांगणाचं पॅव्हिलियन जाळलं म्हणून काढलेलं असतं!) आणि इकडे मोठ्या बाई शाळेची उरलीसुरली पुंजी त्याच घोड्यावर लावून मोकळ्या. मोठ्या वर्गाच्या पोरी क्लॅरेन्सच्या बाजूने, धाकट्या चौथ्या फॉर्मच्या पोरी घोड्याच्या बाजूने, आणि मधे घोडा. घोडा शेवटी कुठे पोचतो, तर वरच्या मजल्यावर, मुलींच्या डॉर्मिटरीत. पुढचं सांगत नाही.

मोठ्या बाई मिस मिलिसेंट फ्रिटन आणि भाऊ क्लॅरेन्स, दोघंही अ‍ॅलिस्टर सिम या एकाच नटाने केलेत. असं वाचलेलं की बाईंच्या रोलसाठी आधी मार्गारेट रदरफोर्ड यांचा विचार होता, त्या मिळाल्या नाहीत म्हणून सिमने दोन्ही केले. नशीब म्हणायचं. कारण पुरुषाने बाईचं काम करणं हे आपल्याला काय नवीन नाही, बालगंधर्वांपासून आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि विनोदी म्हणाल तर मोरूची मावशी आहेच, जी मुळात इंग्रजी नाटकावरूनच अत्र्यांनी आणली. पण मावशीची गंमत कशात आहे, तर हा पकडला जाईल का यात. पदर सुटेल का, आवाज घसरेल का, मिशी दिसेल का. इथे पकडायला काही नाहीच! सिनेमातल्या कोणालाच माहीत नाही की हा बाप्या आहे, कारण त्या जगात तो बाप्या नाहीये. मिस फ्रिटन म्हणजे बाईच. डोळे मिचकावणं नाही, पुरुषी आवाज मधेच काढून टाळी घेणं नाही, छातीची कामं नाहीत. मोत्यांची माळ, लेसचे कपडे, जरा पुढे झुकून चालणं आणि मऊ, थकलेला, अतिशय सुसंस्कृत आवाज. त्या आवाजात बाई वाट्टेल ते बोलतात. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पोरगी नायट्रोग्लिसरीन हाताळतेय तर 'जरा जपून हं बाळ' अशा थाटात सांगून पुढे जातात, मागे स्फोट होतो, बाईंच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच की अरेरे. त्याच लॅबमध्ये पोरी जिनची हातभट्टीही चालवतात. बाई एक घोट घेऊन बघतात, पण कशासाठी, तर माल बरा झालाय का बघायला.

नंतर शोधलं तर कळलं की सिम मूळचा एडिंबराचा आणि नट व्हायच्या आधी तिथल्या युनिव्हर्सिटीत वक्तृत्व शिकवायचा. मला एकदम पटलं. वर्गासमोर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचा आवाज वेगळाच असतो, ओरडत नाही पण मागच्या बाकापर्यंत जातो. आईचा आहे तसा.

आता आई. आईला पहिली दहा मिनिटं सिनेमा अजिबात आवडला नाही. 'काय ही कार्टी, यांना कोणी वळण लावलंच नाही का' वगैरे चालू होतं. सबटायटल इंग्रजी, ती मी मधेमधे सांगत होते. मग शिक्षकांच्या खोलीचा सीन आला. सगळ्या बायका कोंदट खोलीत बसल्यात, कोणी पितेय, कोणी नुसतीच पडलीय, एकजात सगळ्यांचे पगार थकलेले आणि मोठ्या बाई येऊन पगाराचं काहीतरी गोड बोलून विषय दुसरीकडे नेतात. आईने मला दंडाला चिमटा काढला. 'अगं, हे आमचंच की.' आईने सुरुवातीची आठ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत काढलीत (नाव घेत नाही, काही लोक अजून आहेत), तिथे सहा सहा महिने पगार नसायचा, सह्या पूर्ण रकमेवर आणि हातात अर्धी, आणि संस्थेचे लोक दर महिन्याला येऊन चहा पाजून सांगायचे, बाई, आपण एक कुटुंब आहोत. सोडून का नाही गेलात विचारलं तर म्हणते, कुठे जाणार, दुसरीकडे तरी कुठे जागा होत्या. सेंट ट्रिनियन्समधल्या बायकांचंही तेच, यांना दुसरी कुठली शाळा उभी करणार नाही म्हणून इथे. त्या सीनपासून आईने खुर्ची पुढे ओढली ती शेवटपर्यंत.

आणि तिच्या डोळ्यांनी बघायला लागल्यावर मलाही सिनेमा वेगळा दिसायला लागला. लोक म्हणतात हा खोडकर पोरींचा सिनेमा, पण नीट बघा, पोरी खोडकर आहेत कुठे, त्या सिनेमातल्या सगळ्यात कामसू त्याच आहेत. दारू पाडतात, ती विकायची सोय करतात, घोड्याची माहिती काढतात, पैसे लावतात, घोडा पळवतात, घोडा लपवतात, वेढा पडला तर लढतात. प्रत्येक गोष्ट प्लॅन करून, वेळेवर. रिकामटेकडी आहेत ती मोठी माणसं. पुढचं बिल कसं टाळायचं यापलीकडे एकाचंही डोकं चालत नाही. दिवाळखोर शाळेत शिकून पोरींना जे यायला हवं ते सगळं येतंय. मिस फ्रिटन एका ठिकाणी म्हणतात त्याचा मतलब असा की बाकीच्या शाळांच्या मुलींना जगाची तयारी नसते, आमच्या मुली बाहेर पडल्या की जगालाच तयारी करावी लागते. लेकीला हे वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ऐकवलं. कोणाला ऐकवलं ते विचारलं नाही.

अधिकाऱ्यांची टर पण मस्त उडवलीय. शिक्षण खात्याने या शाळेची तपासणी करायला आधी दोन इन्स्पेक्टर पाठवलेले, ते परत आलेच नाहीत. गेले कुठे, मेले का, तर नाही, शाळेच्याच आवारात मजेत राहतायत. आता बोला! जुनी माणसं सांगतात की गावात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा साहेब, येणार म्हटलं की आठवडाभर आधी शाळा सारवायचे, पोरांना तेल लावून बसवायचे आणि मास्तरांच्या पोटात गोळा. इथे गोळा दिपोटींच्याच पोटात. खात्यातला तो साहेब, रिचर्ड वॉटिस नावाच्या नटाने केलाय, काड्यांच्या चष्म्यामागे त्याचा चेहरा असा की सकाळचा चहाच मिळाला नाही, शाळेचं नाव काढलं तरी हातातला कागद थरथरतो. पोलिसांकडूनही एक सार्जंट बाई खेळाची टीचर बनून आत घुसवलीय, जॉइस ग्रेनफेल, उंच, दातांतून हसणारी, भयंकर उत्साही. बिचारीचं सुपरिटेंडंटशी लग्न ठरलेलं आहे आणि तो ते पुढे ढकलतोय, आणि हेरगिरी चांगली केली तर तारीख निघेल या आशेवर ती मॅचमध्ये शिट्टी वाजवत पळते आणि मार खाते. तिच्यावर हसताना जरा वाईटही वाटतं.

आणि फ्लॅश हॅरी. जॉर्ज कोल. प्रत्येक शाळेबाहेर, प्रत्येक ऑफिसबाहेर, आरटीओच्या बाहेर तर हमखास, असा एक सेटिंगवाला असतो ना, काय हवं ते सांगा होऊन जाईल म्हणणारा, तोच हा. लांब कोट, खाली वाकवलेली हॅट, बारीक मिशी, भिंतीला चिकटून चालणार, झुडपातून निघणार, आणि तो आला की त्याचं ठरलेलं म्युझिक वाजणार. पोरींची जिन बाहेर नेऊन विकायचं आणि त्यांचे रेसचे पैसे लावायचं काम त्याचं. हा जॉर्ज कोल खऱ्या आयुष्यात पंधराचा असताना युद्धाच्या दिवसांत सिम आणि त्याच्या बायकोने घरी आणून ठेवलेला, सिमनेच त्याला घडवलं. पडद्यावर दोघं समोरासमोर आले की ती ओळख जाणवते, किंवा मला माहीत झाल्यावर जाणवायला लागली, काय माहीत.

या पोरी आल्या कुठून ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोनाल्ड सर्ल नावाचा इंग्लिश चित्रकार, १९४१ मध्ये फौजेत असताना स्कॉटलंडमध्ये एका कुटुंबाशी ओळख झाली, त्यांच्या दोन मुली एडिंबराच्या सेंट ट्रिनियन्स शाळेत होत्या (खरी शाळा हं, स्पेलिंग जरा वेगळं, १९२२ ला सुरू झालेली आणि १९४६ ला बंद पडलेली, मुलींनी स्वतःची शिस्त स्वतः सांभाळावी अशा विचारांची). मुलींना हसवायला म्हणून याने एक चित्र काढलं, ते लिलिपुट नावाच्या मासिकात छापून आलं. पुढच्या वर्षी हा सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडला. चांगीचा तुरुंग, मग सयाम-बर्मा रेल्वेवर मजुरी, जिथे माणसं पटापट मेली. तिथेही तो लपूनछपून चित्रं काढत होता. सुटून आल्यावर त्याने या पोरी परत काढायला घेतल्या, आणि आता त्यांच्या हातात हॉकी स्टिकबरोबर सुरे, कुऱ्हाडी, विषाच्या बाटल्या, कोणीतरी मरून पडलंय आणि टीचर फक्त नाक मुरडतेय. ती चित्रं बघताना हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो असं होतं. अजून एक, या सिनेमाचं म्युझिक माल्कम आर्नल्डचं आहे, ते शाळेचं गाणं दोन दिवस डोक्यातून जात नाही. तीनच वर्षांनी याच आर्नल्डला ऑस्कर मिळालं ते कोणत्या सिनेमाच्या संगीताला, तर क्वाय नदीवरच्या पुलाच्या. म्हणजे त्याच रेल्वेच्या, जिच्यावर सर्ल राबला होता. हे वाचलं तेव्हा मी बाजूला कोणी नव्हतं तरी मोठ्याने 'आईशप्पथ' म्हटलं.

आता तक्रारी. एक, सर्लच्या चित्रांतलं विष सिनेमात बरंच पातळ झालंय. दिग्दर्शक फ्रँक लाँडर आणि लेखनात त्याचा जोडीदार सिडनी गिलियाट, दोघं कसलेले, पण चित्रात खून चालतो, पडद्यावर पोरीच्या हातून चालत नाही, म्हणून मग दारू, रेस आणि धक्काबुक्की. दोन, पोरी एकेकट्या लक्षात राहत नाहीत. नुसता घोळका. फाटके मोजे, विस्कटलेल्या वेण्या, शाईचे डाग, सगळ्या सारख्याच. दंग्याच्या सीनला हे बरोबर आहे, टोळधाडीत एकेक टोळ कोण बघतो, पण दीड तासात एखादी तरी पोरगी नावानिशी घरी न्यावीशी वाटायला हवी होती. लेकीची हीच तक्रार, 'यात हिरॉईन कोणे?' तीन, सुलतानाचा सगळा भाग. ऑस्ट्रियन नटाला काळं फासून अरब केलाय, बायकांची गर्दी, मुलींची मोजदाद नाही, तेच ते. १९५४ साली लोक हसले असतील, आज ते बघताना मी फोन हातात घेतला. आणि मोठ्या वर्गाच्या पोरी ज्या नटव्या दाखवल्यात तेही खटकतं, इथे अजून थोडक्यात आहे, पण पुढे त्याचीच चटक लागली आणि शाळेचा युनिफॉर्म हा पार्टीतला ड्रेस होऊन बसला.

मधे घोडा लपवल्यानंतरचा वीसेक मिनिटांचा भाग लांबतो हेही खरं. धावपळ, परत धावपळ. आई तेवढ्यात शेंगा सोलून घेऊन आली.

पण शाळा दिसते कशी! बाहेरून दिसतो तो विंडसरजवळचा ओकली कोर्ट नावाचा वाडा, टोकदार छपरांचा, नंतर भुताखेतांचे कितीतरी सिनेमे तिथेच झाले आणि आता हॉटेल आहे म्हणे. आतून सगळं पोपडे आलेलं, तुटकं, गळकं. ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग त्याच वर्षी जुलैत उठलं आणि सिनेमा सप्टेंबरात आला, म्हणजे युद्ध जिंकून नऊ वर्षं झाली तरी लोक कूपनं सांभाळत होते. त्यामुळे पैसे नसलेली, तरी मोत्यांची माळ घालून चहा विचारणारी बाई बघताना तिथल्या लोकांना काय वाटलं असेल याचा अंदाज येतो.

२००७ च्याशी तुलना विचाराल तर तो पॉलिश्ड आहे. तिथे रुपर्ट एव्हरेटने बाई आणि भाऊ दोन्ही केलेत, कॉलिन फर्थ शिक्षणमंत्री, आणि पोरी कर्ज फेडायला नॅशनल गॅलरीतून मोत्याच्या डुलवाल्या मुलीचं ते प्रसिद्ध चित्र उडवायला निघतात. मजा आहे, पोरींना नावं आहेत, गट आहेत, लेकीला तोच जास्त आवडला, तिने मागच्या रविवारी बघितला. पण एव्हरेट स्वतः बाई झाल्याचं स्वतःच एंजॉय करतो, प्रत्येक सीनमध्ये कळतं की बघा मी काय धमाल करतोय. सिम एकदाही कळू देत नाही. आणि त्या सिनेमातलं कर्ज हे स्टोरी पुढे ढकलायला लागतं म्हणून असलेलं कर्ज आहे, तिथे कोणाचा पगार थकलाय असं वाटत नाही.

कोणी बघावा? शाळेत किंवा कॉलेजात नोकरी करणाऱ्यांनी तर बघाच, शक्यतो ऑडिट संपल्यावर. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या पोरापोरींना दाखवायला हरकत नाही, दारू-जुगार आहे पण असा की कोणाला प्यावीशी वाटणार नाही. इंग्रजी उच्चार जुन्या पद्धतीचे आहेत आणि पोरी एकदम दहा जणी ओरडतात, सबटायटल लावूनच बसा. माझ्याकडून पाचात साडेतीन, त्यातले अडीच एकट्या सिमचे. आईने साडेचार दिले, तिची पेपर तपासायची पद्धत पहिल्यापासून सढळ.

तर त्या रात्री आईनेच हट्ट केला म्हणून लगेच दुसरी डिस्क लावली, १९५७ ची. सुरुवातीलाच कळतं की मिस फ्रिटन तुरुंगात आहेत, सिम जेमतेम तोंड दाखवण्यापुरता आहे, शाळा दुसऱ्याच कोणाच्या हातात. आईने पाच मिनिटं वाट बघितली, मला दोनदा विचारलं परत येतात का, मी म्हटलं फार काही नाही. 'मोठ्या बाईच आत गेल्या, आता काय बघायचं,' म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करून कुकर लावायला उठली.